ग्रहण, तुळशीपत्र आणि ओझोन



२४ ऑक्टोबर १९९५ रोजी सकाळी सूर्याला ग्रहण लागले तेव्हा मी नववीत होतो. राजस्थानातील नीम-का-थाना, बंगालमधील डायमंड हार्बर अशा ठिकाणांवरून गेलेल्या एका अरुंद पट्ट्यात ते खग्रास दिसले. आपल्याकडे महाराष्ट्रात ते खंडग्रास होते. दिवस दिवाळीचे. आदल्या संध्याकाळी लक्ष्मीपूजन झालेले, आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर फराळाचे डबे ओळीने भरून ठेवलेले. वेध लागण्यापूर्वी माझ्या आजीने अंगणातल्या वृंदावनातून ओंजळभर तुळशीची पाने खुडून आणली. एकेक डबा उघडून तिने त्यात एकेक पान टाकले. दुधात एक, पाण्याच्या हंड्यात एक, लोणच्याच्या बरणीवर दर्भाची काडी. ग्रहणात अन्न दूषित होते आणि तुळशीपत्र ठेवले की होत नाही, असा तिचा विश्वास होता. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी आजही हे होत असेल.

त्या सकाळी आमचा रस्ता संचारबंदी असावी तसा ओस पडला होता. आम्हां मुलांना खिडकीपाशीही जाऊ दिले नाही. माझ्या काकूला सातवा महिना होता. ती पलंगावर भिंतीला टेकून बसलेली. तिने काही चिरायचे नाही, शिवायचे नाही, आणि ग्रहण सुटेपर्यंत पाणीही प्यायचे नाही. हंड्यात तुळशीपत्र होते, तरीही तिला पाणी मिळाले नाही. ते मला तेव्हाही खटकले होते. विचारायचे धैर्य मात्र झाले नाही.

ग्रहण सुटले, आंघोळी झाल्या, आणि आजीच्या लक्षात आले की शंकरपाळ्यांच्या डब्यात पान टाकायचे राहूनच गेले. डबा गाईला घालायला निघाला. मी गप्प उभा होतो, कारण ऐन ग्रहणात मी त्याच डब्यातून दोन मुठी शंकरपाळे पळवून खाल्ले होते! दिवसभर मी पोट दुखण्याची वाट पाहिली. दुखले नाही. रात्री झोपताना माझी खात्री झाली की तुळशीपत्राचे सगळे थोतांड आहे आणि ते मी प्रयोगाने सिद्ध केले आहे.

आता असे पहा. माझा निष्कर्ष बरोबर असो वा चूक, माझा प्रयोग मात्र अगदी टाकाऊ होता. शंकरपाळे तुपात तळलेले, कोरडे. पाण्याचा अंश नसल्यामुळे त्यात जंतू वाढत नाहीत, आणि ते एरवीही पंधरा-वीस दिवस टिकतात. दोन तासांत ते बिघडायचे कसे? जे बिघडणारच नव्हते ते बिघडले नाही, एवढेच मी सिद्ध केले. शिवाय डबा एक, खाणारा एक, वेळ एकदाच. अशा ‘प्रयोगा’वर विसंबणारा नववीतला मुलगा आणि पानावर विसंबणारी त्याची आजी, यांत तसा फारसा फरक नव्हता.

ग्रहणातल्या मुसळाची गंमत तुम्ही पाहिली असेल. ताटात पाणी घालून त्यात मुसळ उभे करतात. ते उभे राहिले की ग्रहण लागले, पडले की सुटले. मुसळाचा तळ सपाट असेल, तर गुरुत्वमध्यातून काढलेली उभी रेषा तळाच्या आत पडते तोवर ते उभे राहते. हे ग्रहणातही खरे आणि पुढच्या मंगळवारीही खरे. पण पुढच्या मंगळवारी मुसळ उभे करून पाहण्याचे कोणाच्या मनात येत नाही. एखाद्या गोष्टीचा परिणाम शोधायचा, तर ती गोष्ट नसताना काय होते तेही पाहावे लागते. तुळशीपत्राचा विचार आपण याच वाटेने करू.

त्याआधी तुळशीविषयी दोन शब्द, कारण हे काही कोपऱ्यातले झुडूप नव्हे. वारकऱ्याच्या गळ्यात तुळशीच्या काष्ठाची माळ असते. पंढरीच्या वाटेवर बायका डोक्यावर वृंदावन घेऊन चालतात. कार्तिकात तुळशीचे लग्न लागते. नैवेद्यावर तुळशीपत्र हवे, आणि माणूस शेवटच्या घटका मोजत असला की त्याच्या मुखातही तेच घालतात. एखाद्या वस्तूवरचा हक्क कायमचा सोडणे याला आपण मराठीत ‘तुळशीपत्र ठेवणे’ म्हणतो. सत्यभामेने श्रीकृष्णाची तुला केली, तेव्हा सारे दागिने हलके ठरले आणि रुक्मिणीच्या एका तुळशीपत्राने पारडे झुकले, ही कथा तुम्ही ऐकलीच असेल. पदार्थविज्ञानाचा मास्तर असूनही ही कथा मला आवडते आणि तिच्यातले वस्तुमान मोजायला मी बसत नाही. ती भक्तीची कथा आहे. परंतु ‘हे पान टाकल्याने पाणी शुद्ध राहते’ असे कोणी म्हटले, की ते विधान पाण्याविषयीचे होते, आणि पाण्याची तपासणी करता येते.

प्रथम ग्रहणाकडे वळू. सूर्य आणि पृथ्वी यांच्यामध्ये चंद्र आला की त्याची सावली पृथ्वीवर पडते. पृथ्वीच्या सावलीत चंद्र शिरला की चंद्रग्रहण. इ. स. ४९९ च्या सुमारास आर्यभटाने आपल्या ‘आर्यभटीय’ ग्रंथात ग्रहणाचे कारण असे सावल्यांनीच सांगितले आहे. म्हणजे ही माहिती आपल्याकडे काल-परवा आलेली नाही. सूर्यग्रहणात सूर्यापासून कोणतेही नवे किरण निघत नाहीत. चंद्र मध्ये आल्याची सूर्याला खबरही नसते! नेहमी येणाऱ्या प्रकाशातला काही भाग तेवढा अडतो. बंद डब्यातल्या लाडवांना तर तोही नेहमीचा प्रकाश दिसत नाही. चंद्रग्रहणात सावली पडते ती चंद्रावर, तुमच्या हंड्यावर नव्हे. आणि सावलीनेच अन्न दूषित होत असते, तर रात्री काय झाले असते? रात्र म्हणजे पृथ्वीचीच सावली. तिच्यात आपण रोज दहा-बारा तास अन्नपाण्यासकट बुडालेले असतो.

ग्रहणाचा एक धोका मात्र अगदी खरा आहे. खंडग्रास सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी पाहिले, तर डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा होऊ शकते. त्यावर तुळशीपत्र चालत नाही. प्रमाणित चष्मा लागतो.

आता पान हातात घ्या. ते चुरगळून वास घ्या आणि मग एखादे भिंग मिळवून त्याचा पृष्ठभाग पाहा. बारीक लव आणि ठिपक्यांसारख्या सूक्ष्म ग्रंथी दिसतील. या ग्रंथींत सुगंधी, उडून जाणारे तेल असते. त्यातला एक महत्त्वाचा घटक म्हणजे युजेनॉल. हाच पदार्थ लवंगेच्या तेलात भरपूर असतो, म्हणून दाढ दुखली की लवंग धरतात आणि दंतवैद्याच्या दवाखान्यात तोच वास दरवळतो. युजेनॉल जंतूंची वाढ रोखते, हे प्रयोगशाळेत दिसून आलेले आहे. ‘म्हणजे आजीचे खरेच!’ असे म्हणण्याची इथे घाई होते. पण विज्ञानात ‘काय आहे’ या प्रश्नाला ‘किती आहे’ हा प्रश्न लागूनच येतो. चला, हिशेब करू.

मध्यम आकाराच्या ताज्या पानाचे वजन सुमारे ०.२ ग्रॅम धरू. (शाळेतल्या तराजूवर एक पान नीट मोजता येत नाही. पन्नास पानांचे वजन करा आणि पन्नासने भागा.) त्यातले तेल अर्धा टक्का धरू. हा अंदाज मी सढळ हाताने करतो आहे. म्हणजे एका पानात तेल झाले १ मिलिग्रॅम. अख्खे पान पाण्यावर तरंगत असताना त्यातले सगळे तेल बाहेर येत नाही, पण आले असे समजू. हंडा १० लिटरचा. म्हणजे लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम. नेहमीच्या जंतूंची वाढ रोखायला युजेनॉल लागते लिटरमागे काही शेकडा मिलिग्रॅम. आपण ५०० धरू. तर १० लिटरना ५,००० मिलिग्रॅम, म्हणजे ५,००० पाने, म्हणजे एक किलो तुळस! वृंदावन ओके-बोके होईल, आणि ते पाणी इतके तिखट लागेल की कोणी तोंडात धरणार नाही. माझे आकडे दुपटीने चुकले असे धरले, तरी निकाल बदलत नाही. पाणी निर्जंतुक करायचे असेल, तर ते खळखळून उकळावे. पावसाळ्यात कावीळ आणि गॅस्ट्रो पसरतात तेव्हा पानावर विसंबून चालणार नाही.

यानंतर माझ्या स्वतःच्या चुकीची गोष्ट सांगायला हवी.

मी अध्यापक झालो त्या पहिल्याच वर्षी अकरावीच्या वर्गात ओझोनचा विषय निघाला. कुठेतरी वाचलेले मी मोठ्या रुबाबात सांगून टाकले, की तुळस वीस तास प्राणवायू आणि चार तास ओझोन सोडते, म्हणून आपल्या पूर्वजांनी ती अंगणात लावली. मुले खूश झाली. मीही झालो. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “सर, हे कोणी मोजलं? कशानं मोजलं?” मला उत्तर आले नाही. ‘पुढच्या तासाला सांगतो’ असे म्हणून मी वेळ मारून नेली आणि घरी जाऊन कागद घेऊन बसलो. आधीच बसायला हवे होते.

ओझोनच्या रेणूत प्राणवायूचे तीन अणू असतात. आपण श्वासात घेतो त्या रेणूत दोन. दोनाचे तीन करायचे, तर आधी एखादा दोनाचा रेणू फोडून सुटा अणू मिळवावा लागतो, आणि ती जोडी भलतीच घट्ट असते. ती फोडायला सुमारे ५.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी ऊर्जा लागते. जांभळ्या प्रकाशाच्या एका कणाजवळ सुमारे ३.१ असते, तांबड्याजवळ तर दोनच्याही आत. म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाला हे काम झेपत नाही. त्याला सुमारे २४० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे अतिनील किरण हवेत. ते वर, वातावरणाच्या उंच थरात पोहोचतात. तिथे ओझोन तयार होतो आणि हे किरण तिथेच अडतात. अंगणातल्या तुळशीपर्यंत ते येतच नाहीत. हवेत दुसरा मार्ग विजेच्या ठिणगीचा. वीज कडाडते तेव्हा किंवा आमच्या प्रयोगशाळेतल्या प्रवर्तन वेटोळ्यातून ठिणग्या उडतात तेव्हा जो तीव्र, झोंबणारा वास येतो, तो ओझोनचा. स्वित्झर्लंडमधील बाझल येथे क्रिस्टियान श्योनबाइन याने १८३९ मध्ये या वासावरूनच हा वायू ओळखला, आणि ‘वास येणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव ठेवले.

याच श्योनबाइनने ओझोन ओळखण्याची एक सोपी युक्ती काढली. स्टार्चच्या पातळ खळीत थोडे पोटॅशियम आयोडाइड मिसळायचे, त्यात टिपकागदाच्या पट्ट्या भिजवून सावलीत वाळवायच्या. वापरताना पट्टी किंचित ओली करायची. ओझोन असला तर आयोडीन मोकळे होते आणि स्टार्चमुळे पट्टी निळी-जांभळी पडते. पुढच्या आठवड्यात मी अशा पट्ट्या घेऊन वर्गात गेलो. एक ठिणग्यांजवळ धरली, ती बघता बघता निळसर झाली. काही पट्ट्या मुलांनी घरी नेल्या, काही तुळशीत टांगल्या, काही तुळशीपासून दूर, पण तितक्याच उन्हाच्या आणि तितक्याच उंचीच्या जागी. कोणती कुठली ते मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवले. दुसऱ्या दिवशी सगळ्या टेबलावर पालथ्या-उलथ्या मांडल्या. काही थोड्या डागाळल्या होत्या, पण तुळशीतल्या कोणत्या आणि बाहेरच्या कोणत्या हे समोरून पाहून कोणालाही सांगता येईना. हवेतला दमटपणा आणि वाहनांचा धूर यांनीही अशी पट्टी रंगते, तेव्हा ही चाचणी ढोबळच. तरीपण ‘चार तास ओझोन’चा मागमूस तीत नव्हता.

पुढे वाचता वाचता आणखी एक मजेची गोष्ट सापडली. तुळशीच्या सुगंधात कॅरिओफायलीन नावाचा एक पदार्थ असतो. तो ओझोनशी फार झपाट्याने संयोग पावतो आणि त्यात ओझोन खर्ची पडतो. म्हणजे तुळशीचा वास ओझोन देण्याऐवजी थोडाफार खातो! (वनस्पतींची सुगंधी द्रव्ये, वाहनांच्या धुरातली नायट्रोजनची ऑक्साइडे आणि कडक ऊन असे तिन्ही एकत्र आले, तर हवेत ओझोन वाढूही शकतो. पण त्याचे श्रेय तुळशीला देण्यापेक्षा स्कूटरला द्यावे लागेल.) आणि जमिनीलगतचा ओझोन हवा तरी कोणाला? तो उंचावर आपला रक्षक असला, तरी इथे खाली फुप्फुसांना झोंबतो, दमेकऱ्यांना त्रास देतो आणि गव्हासारख्या पिकांची पाने खराब करतो. तुळशीतून खरोखरच ओझोन येत असता, तर तिला अंगणातून हलवावे लागले असते.

प्राणवायूबद्दल थोडक्यात सांगतो. वनस्पती पाण्याचा रेणू फोडून प्राणवायू सोडतात आणि त्या कामाला प्रकाश लागतो. रात्री प्रकाश नाही, म्हणून ते कामही नाही. निवडुंग, अननस, पानफुटी यांसारख्या काही वनस्पती रात्री कार्बन डाय-ऑक्साइड आत घेऊन ठेवतात, पण प्राणवायू सोडतात दिवसाच. पिंपळालाही यातून सूट नाही.

हे सगळे मी पुढल्या सुटीत आजीला ऐकवले. तेव्हा ती ऐंशीच्या पुढे होती. मला वाटले, रागावेल. ती तुळशीला पाणी घालता घालता म्हणाली, “मी कधी रे म्हटलं, तुळशीतून वायू निघतो म्हणून? देवाचं पान आहे, म्हणून मी ठेवते. ते वायूचं तुम्ही शिकलेल्यांनीच काढलंत.” खरे होते. ओझोनची कथा आजीच्या पोथीत नव्हती. ती माझ्यासारख्या पदवीधरांनी रचली आणि फिरवली, आणि आता ती मोबाइलवरून फिरते. मग मी काकूचा विषय काढला. हंड्यात पान असूनही तिला पाणी का दिले नव्हते? आजी थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “द्यायला हवं होतं.”

दुधाचा प्रयोग तुम्हाला घरी करता येईल. एकसारखे नऊ स्टीलचे पेले उकळत्या पाण्याने धुऊन घ्या. एकाच पातेल्यातले, तापवून निवलेले दूध त्यांत सारखे ओता. तीन पेल्यांत धुतलेले एकेक तुळशीचे पान घाला, तीनांत जास्वंदीचे किंवा पेरूचे धुतलेले पान, तीन तसेच ठेवा. पाने का धुवायची? न धुतलेल्या पानावरची धूळ आणि जंतू दुधात जातील आणि दूध उलट लवकर नासेल. पेले झाका आणि एका जागी ठेवा. तीन-तीन तासांनी पाने काढून पेल्यांना नुसते क्रमांक द्या, आणि ज्याला काही ठाऊक नाही अशा भावंडाला वास घ्यायला सांगा. मग पाने परत आपापल्या पेल्यात. निळा लिटमस मिळाला तर तोही बुडवून पाहा. दूध आंबले की तो तांबूस होतो. कधी नासले, ते वहीत मांडा. दूध चाखू नका, शेवटी झाडाला घाला. आमच्या वर्गाने हा प्रयोग केला, तेव्हा तुळशीच्याच तीन पेल्यांमधला आपसातला फरक इतका मोठा निघाला की काहीच ठरवता आले नाही. मुले हिरमुसली. मी म्हटले, तीन पेले कमी पडतात, दहा-दहा घ्या आणि पुन्हा करा.

ग्रहणाच्या दिवशी काही वेगळे घडते का, हे पाहायचे असेल, तर २ ऑगस्ट २०२७ रोजी दुपारनंतर आपल्याकडून खंडग्रास सूर्यग्रहण दिसण्याजोगे आहे. हाच प्रयोग चार दिवस आधी एकदा, त्या दिवशी एकदा आणि चार दिवसांनी पुन्हा करा, आणि प्रत्येक वेळी खोलीचे तापमान लिहून ठेवा. दिवस श्रावणसरींचे असतील, ढग आड येऊ शकतात. ऊन असलेच, तर वृंदावनापाशी जा. सूर्याकडे पाठ करा आणि तुळशीच्या पानांमधून जमिनीवर पडणारे कवडसे पाहा. पानांमधली प्रत्येक बारीक फट हा एक सूचिछिद्र कॅमेराच असतो. एरवी कवडसे गोल असतात, त्या दिवशी ते कोरीसारखे दिसतील. कवडशाचा आकार फटीपासून जमिनीपर्यंतच्या अंतराच्या सुमारे १०७ व्या भागाइतका, म्हणजे दीड मीटर अंतराला साधारण १४ मिलिमीटर येतो. तुळशीच्या माळेत मणी १०८ असतात, हे पाहून मात्र कोणी नवी कथा रचू नका. मी एकदा भाजलो आहे. पट्टी घेऊन कोर मोजा, आणि घरात कोणाला पाणी हवे असेल तर आधी ते देऊन या.